फोन १०८० चा, ब्राउझर म्हणतो ३६०: डिझाईन नक्की कुठल्या आकड्यावर करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गुहागरच्या एका होमस्टेची वेबसाइट करताय, तुमच्या फोनचं रेझोल्यूशन १०८० बाय २४०० आहे म्हणून फिग्मा या डिझाईनच्या ॲपमध्ये त्याच मापाची फ्रेम घेऊन मोबाईलचं डिझाईन केलं, आणि आता कोड करून फोनवर उघडलं तर अक्षरं अवाढव्य, बटणं अर्ध्या स्क्रीनएवढी आणि पान आडवं सरकतंय. दुसरं, लॅपटॉप फुल एचडी आहे तरी ब्राउझर रुंदी १५३६ सांगतो. तिसरं, पहिल्या स्क्रीनवरचं 'खोली बुक करा' बटण काही फोनवर दिसतच नाही. आणि चौथं, मीडिया क्वेरी, म्हणजे अमुक रुंदीला मांडणी बदल असं सांगणारे सीएसएसचे नियम, कुठल्या आकड्यांना लावायच्या.

चारही गोष्टी एकाच ठिकाणाहून येतात. स्क्रीनवर प्रत्यक्ष किती ठिपके आहेत ते झालं रेझोल्यूशन. ब्राउझर तुमच्या पानाला मांडणीसाठी जेवढी जागा देतो तो झाला व्ह्यूपोर्ट, आणि ही जागा मोजायचं मापच वेगळं आहे, त्याला सीएसएस पिक्सेल म्हणतात. मांडणी कायम व्ह्यूपोर्टच्या रुंदीवर करायची. रेझोल्यूशन फोटो एक्स्पोर्ट करताना लागतं, तिथे मात्र खरंच लागतं, ते पुढे लिहितो.

हे दोन आकडे वेगळे का झाले ते समजलं की बाकीचं आपोआप सुटतं. २००७ चा पहिला आयफोन ३२० बाय ४८० ठिपक्यांचा होता आणि एक सीएसएस पिक्सेल म्हणजे एक ठिपका असा सरळ हिशोब होता. २०१० मध्ये आयफोन ४ आला, स्क्रीन तेवढीच साडेतीन इंचाची पण ठिपके ६४० बाय ९६०. आता १६ पिक्सेलचं अक्षर १६ च ठिपक्यांत काढलं असतं तर ते आधीच्या निम्म्या उंचीचं झालं असतं आणि कोणालाच वाचता आलं नसतं. म्हणून वेबपानाला रुंदी ३२० च सांगायची आणि प्रत्येक सीएसएस पिक्सेल दोन बाय दोन म्हणजे चार ठिपक्यांनी रंगवायचा असं ठरलं. तेवढ्याच जागेत ठिपके दाट मांडले म्हणून रांगोळी मोठी होत नाही, नक्षी बारीक काढता येते, तसंच आहे हे. एका सीएसएस पिक्सेलच्या रुंदीत किती ठिपके बसतात त्या आकड्याला डिव्हाइस पिक्सेल रेशो म्हणतात, बोलताना आपण डीपीआर म्हणतो. आयफोन ४ चा डीपीआर २.

सीएसएसच्या स्पेसिफिकेशनमध्ये पिक्सेलचं माप हाताच्या अंतरावरून दिसणाऱ्या आकारावर बांधलेलं आहे, ९६ डीपीआयची म्हणजे इंचाला ९६ ठिपके असलेली स्क्रीन साधारण २८ इंचांवर असताना एक पिक्सेल जेवढा दिसेल तेवढा. फोन आपण मॉनिटरपेक्षा जवळ धरतो, म्हणून फोनवरचा सीएसएस पिक्सेल पट्टीने मोजला तर मॉनिटरपेक्षा लहान भरतो पण डोळ्याला साधारण तेवढाच वाटतो. म्हणूनच १६ पिक्सेलचा मजकूर दोन्हीकडे वाचायला ठीक वाटतो.

आता तुमच्या फोनचा हिशोब. १०८० भागिले ३ म्हणजे ३६०, २४०० भागिले ३ म्हणजे ८००. तुमच्या फोनचा डीपीआर ३ आहे, त्यामुळे वेबपानासाठी तो ३६० बाय ८०० चा फोन आहे. गंमत पुढे आहे. ७२० बाय १६०० वाला स्वस्तातला फोन घ्या, त्याचा डीपीआर सहसा २ असतो, म्हणजे तोही ३६० बाय ८००. गॅलेक्सी एस२० चं पॅनल १४४० बाय ३२०० चं, डीपीआर ४ धरला की पुन्हा ३६० बाय ८००. तीन फोनांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, ठिपक्यांच्या संख्येत चौपट फरक, आणि तुमच्या पानाला तिन्हीकडे जागा अगदी सारखी. रेझोल्यूशन बघून मीडिया क्वेरी लिहिणाऱ्याला इथे तीन वेगळी डिझाईन्स करावीशी वाटतील, प्रत्यक्षात गरज एकाची आहे.

उलटही होतं. तेच १०८० चं पॅनल पण डीपीआर २.६२५ असलेले फोन आहेत, तिथे रुंदी ४११ येते. आयफोन १२, १३, १४ यांचं पॅनल ११७० बाय २५३२, डीपीआर ३, म्हणजे ३९० बाय ८४४. आयफोन एसईची दुसरी-तिसरी आवृत्ती ७५० बाय १३३४, डीपीआर २, म्हणजे ३७५ बाय ६६७. थोडक्यात बहुतेक फोन ३६० ते ४३० च्या मध्ये कुठेतरी बसतात, आणि तुम्ही हा पूर्ण पट्टा धरून चालायचं, त्यातला एक आकडा पकडून नाही.

एक गोष्ट डिझायनर सहसा विसरतात आणि आपल्याकडे ती फार महत्त्वाची आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'डिस्प्ले साइझ' म्हणून एक पट्टी असते. घरातल्या वयस्कर माणसांना दिसावं म्हणून मुलं किंवा नातवंडं ती वाढवून देतात. ती वाढवली की डीपीआर वाढतो, आणि डीपीआर वाढला की व्ह्यूपोर्ट आकसतो. तुमच्याच १०८० च्या फोनवर डीपीआर ३.३७५ झाला तर रुंदी उरते ३२०. होमस्टे बुक करणाऱ्यांत साठीच्या पुढचे आई-बाबा बरेच असणार, त्यामुळे ३२० वर पान नीट दिसलंच पाहिजे. फोल्ड होणाऱ्या फोनांच्या पहिल्या पिढीत तर बाहेरच्या स्क्रीनची रुंदी २८० पर्यंत खाली गेली होती, तिथे सगळं सुंदर दिसलं नाही तरी चालेल पण मोडता कामा नये.

फिग्मातलं काम फुकट गेलेलं नाही, घाबरू नका. के दाबून स्केल टूल घ्या आणि पूर्ण फ्रेम ३६० रुंदीला आणा, या टूलने अक्षरं, कडा, मधली अंतरं सगळं त्याच प्रमाणात लहान होतं. ४८ चा मजकूर १६ होईल. काही ठिकाणी १५.६७ असे विचित्र आकडे येतील ते हाताने गोल करून घ्या. इथून पुढे फ्रेम ३६० किंवा ३९० चीच घ्यायची आणि फोटो बाहेर काढताना एक्स्पोर्टमध्ये २एक्स, ३एक्स निवडायचं.

आता मेटा व्ह्यूपोर्ट टॅगबद्दल, कारण हा नसेल तर वरचा सगळा हिशोब कोलमडतो. पहिला आयफोन आला तेव्हा जगातल्या बहुतेक साइट्स फक्त डेस्कटॉपसाठी बनलेल्या होत्या. त्या ३२० मध्ये कोंबल्या तर मोडल्या असत्या, म्हणून सफारी पान ९८० रुंदीचं समजून मांडायचा आणि मग लहान करून दाखवायचा, वाचणारा चिमटीने झूम करायचा. ही सवय मोबाईल ब्राउझरांनी अजून सोडलेली नाही. तुम्ही हेडमध्ये व्ह्यूपोर्ट नावाचा मेटा टॅग टाकून त्याच्या कंटेंटमध्ये 'विड्थ इक्वल टू डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल इक्वल टू १' लिहिलंत की ब्राउझर ९८० सोडून फोनची खरी सीएसएस रुंदी धरतो. तुमच्याकडे सगळं अवाढव्य दिसतंय म्हणजे टॅग आहे आणि १०८० रुंदीची मांडणी ३६० मध्ये बसवायचा प्रयत्न चाललाय. उलट सगळं मुंगीएवढं दिसत असतं तर टॅग विसरलाय असं मी सांगितलं असतं. ही खूण लक्षात ठेवा, कोड न उघडता निदान होतं.

त्याच टॅगमध्ये 'युजर-स्केलेबल नो' किंवा 'मॅक्सिमम-स्केल १' लिहिलेले टेम्प्लेट अजून फिरतायत, ते कृपया काढून टाका. त्याने माणसाचं चिमटीने झूम करणं बंद होतं. आयफोनवर २०१६ च्या आयओएस १० पासून सफारी ही सूचना मानतच नाही, पण अँड्रॉइडवर सहसा पाळली जाते, आणि खोलीचे दर बारीक अक्षरात असतील तर चष्मा न सापडलेला माणूस तिथेच अडकतो. मला ही गोष्ट मनापासून खटकते कारण याने डिझाईनला काडीचाही फायदा होत नाही.

लॅपटॉपकडे वळू. फुल एचडी पॅनल १४-१५ इंचात आलं की विंडोज बऱ्याचदा स्वतःहूनच १२५ टक्के स्केलिंग लावून ठेवतं, नाहीतर आयकॉन आणि अक्षरं फार बारीक दिसतात. १९२० भागिले १.२५ म्हणजे १५३६, १०८० भागिले १.२५ म्हणजे ८६४. झालं, तुमचा आकडा सापडला. म्हणजे लॅपटॉप फुल एचडीच आहे, दुकानदाराने काही फसवलेलं नाही. स्टॅटकाउंटर या आकडेवारीच्या साइटवर डेस्कटॉपचे रेझोल्यूशनचे तक्ते बघितले तर तिथेही १५३६ बाय ८६४ ठळकपणे दिसतं, आणि लोक असा मॉनिटर कुठली कंपनी बनवते ते शोधत बसतात. तसं पॅनल बाजारात शोधून सापडणार नाही, ते फुल एचडीच असतं. त्या तक्त्यांतले आकडे ब्राउझरने सांगितलेले आहेत म्हणजे सीएसएस पिक्सेल आहेत, म्हणून तर मोबाईलच्या तक्त्यात ३६० बाय ८०० आणि ३९० बाय ८४४ असे आकडे वर असतात. तक्त्याचं नाव रेझोल्यूशन, आत माप दुसरंच, निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मॅकवर भागाकार करून नेहमी उत्तर मिळेलच असं नाही हेही सांगून ठेवतो. एम१ मॅकबुक एअरचं पॅनल २५६० बाय १६०० आहे, डीपीआर २ सांगतो, मग रुंदी १२८० यायला हवी, पण मॅकओएस मुळातच १४४० बाय ९०० दिसेल अशी सेटिंग देऊन ठेवतं, आधी २८८० ला चित्र काढतं आणि मग पॅनलवर बसवतं. म्हणून मी कधी पॅनलच्या आकड्यावरून अंदाज बांधत नाही, ब्राउझरलाच विचारतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला कन्सोल उघडा आणि विंडो डॉट इनरविड्थ, विंडो डॉट डिव्हाइसपिक्सेलरेशो आणि स्क्रीन डॉट विड्थ असे तीन बघा. पहिला व्ह्यूपोर्ट, दुसरा डीपीआर, तिसरा पूर्ण स्क्रीन पण सीएसएस पिक्सेलमध्ये. कंट्रोल आणि प्लस दाबून झूम केलं की पहिला कमी होतो आणि दुसरा वाढतो, स्वतः करून बघा, पाच मिनिटांत सगळं डोक्यात बसेल. १५३६ च्या लॅपटॉपवर २०० टक्के झूम केलं की व्ह्यूपोर्ट ७६८ होतो आणि तुमची टॅबलेटची मांडणी लॅपटॉपवर दिसायला लागते. ती तशीच दिसली पाहिजे, तिला बग समजून बंद करू नका. डब्ल्यूसीएजी २.१ या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीत आडवं स्क्रोल न येता ३२० रुंदीत मजकूर बसला पाहिजे अशी अट आहे ती याच हिशोबातून आली, १२८० चं पान ४०० टक्के झूम केलं की ३२० उरतात.

शिवाय व्ह्यूपोर्ट म्हणजे स्क्रीन नव्हे, खिडकी. ऑफिसात लोक अर्ध्या स्क्रीनवर एक्सेल आणि अर्ध्यावर ब्राउझर लावून बसतात, तेव्हा १५३६ च्या लॅपटॉपवर तुम्हाला ७६८ मिळतात. जुन्या १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर ब्राउझर पूर्ण उघडला तरी टॅबची पट्टी, ॲड्रेस बार, बुकमार्क, खालचा टास्कबार वजा जाता उंची सव्वासहाशेच्या आसपास उरते. १४४० बाय ९०० च्या फ्रेमवर नऊशे उंची भरून डिझाईन केलेला हिरो सेक्शन, म्हणजे पान उघडताच दिसणारा पहिला मोठा भाग, तिथे अर्धा कापला जातो, आणि ते डिझायनरच्या मोठ्या मॉनिटरवर कधी दिसतच नाही.

अजून एक बारीकसा फरक, पण आडवं स्क्रोल येण्याचं हे फार मोठं कारण आहे. विंडोजवर उभा स्क्रोलबार जागा खातो, साधारण १५ ते १७ पिक्सेल. १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे व्ह्यूपोर्टच्या रुंदीचे १०० टक्के, लिहिलं की ती रुंदी स्क्रोलबार धरून मोजली जाते, म्हणजे पान दिसणाऱ्या जागेपेक्षा तेवढं रुंद होतं आणि खाली आडवा स्क्रोलबार येतो. मॅकवर ट्रॅकपॅड असला की स्क्रोलबार सहसा वरून तरंगणारा असतो, फोनवरही तसाच, त्यामुळे तिथे हे दिसत नाही आणि 'माझ्याकडे तर बरोबर आहे' असं होतं. पूर्ण रुंदीच्या पट्टीला १०० टक्के द्या, किंवा ब्लॉक एलिमेंट असेल तर काहीच देऊ नका, ते आपोआप भरतं.

मीडिया क्वेरी कुठे लावायच्या? ७६८ आणि १०२४ हे आकडे सगळीकडे दिसतात ते २०१० च्या आयपॅडमुळे, तो ७६८ बाय १०२४ होता. बूटस्ट्रॅप ५ या तयार सीएसएस फ्रेमवर्कमध्ये ५७६, ७६८, ९९२, १२०० आणि १४०० आहेत. फ्रेमवर्क वापरत असाल तर तेच ठेवा, वाद घालण्यात अर्थ नाही. पण हाताने सीएसएस लिहित असाल तर डिव्हाइसची यादी घेऊन बसू नका. वेब डिझायनर ईथन मार्कॉटने २०१० मध्ये रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईनची कल्पना मांडली तेव्हा पाया लवचिक ग्रिड हाच होता, मीडिया क्वेरी त्याच्यावर आधाराला. नंतर लोकांनी आधारच पाया करून टाकला.

माझी पद्धत अशी की आधी ३६० वर पान पूर्ण नीट करायचं, मग ३२० ला जाऊन तपासायचं, मग खिडकी हळूहळू रुंद करत न्यायची आणि जिथे डोळ्याला खटकेल तिथे ब्रेकपॉइंट, म्हणजे मीडिया क्वेरी लागू होण्याची रुंदी, टाकायचा. तुमच्या साइटवर ओळी कुठे फार लांब होतात, मेनू कुठे एका ओळीत बसायला लागतो, फोटो कुठे बेढब ताणतो, या जागा तुमच्या मजकुरावर ठरतात. 'मुख्यपान, खोल्या, घरगुती जेवण, आसपासची ठिकाणं, कसं यायचं, संपर्क' हा मेनू इंग्रजी होम-रूम्स-कॉन्टॅक्टपेक्षा बराच रुंद होतो, त्यामुळे इंग्रजी टेम्प्लेटमध्ये ७६८ ला उघडणारा मेनू मराठीत तिथे दोन ओळींवर जाईल आणि तुम्हाला तो कदाचित ९०० च्या पुढे उघडावा लागेल. तो आकडा कुठल्याही यादीत मिळणार नाही. क्वेरी लिहिताना पिक्सेलऐवजी ईएममध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकारावर ठरणाऱ्या एककात लिहा, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कोणी मुळातली अक्षरं मोठी केली असतील तर मांडणीही त्याप्रमाणे बदलते.

खोल्यांच्या कार्डांना तर मीडिया क्वेरी लागणारच नाही. सीएसएस ग्रिडमध्ये ऑटो-फिट आणि मिनमॅक्स वापरून किमान २६० पिक्सेल, कमाल एक एफआर, म्हणजे उरलेल्या जागेचा एक वाटा, एवढं सांगितलं की ३६० वर एक कार्ड, टॅबलेटवर दोन, लॅपटॉपवर तीन-चार असं ते स्वतःच बसवून घेतं. आणि तेच कार्ड एका पानावर रुंद जागेत आणि दुसऱ्या पानावर साइडबारमध्ये वापरायचं असेल तर कंटेनर क्वेरी बघा, तिथे व्ह्यूपोर्टऐवजी कार्ड ज्या डब्यात आहे त्याची रुंदी विचारता येते, फेब्रुवारी २०२३ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतं.

तुमचं न दिसणारं बटण हा उंचीचा प्रश्न आहे, आणि उंचीवर मी रुंदीपेक्षा खूपच कमी विश्वास ठेवतो. तुम्ही हिरोला १०० व्हीएच, म्हणजे व्ह्यूपोर्टच्या उंचीचे १०० टक्के, दिलं असणार. फोनवर ॲड्रेस बार स्क्रोल केल्यावर लपतो, आणि १०० व्हीएच हे माप बार लपलेला असतानाच्या मोठ्या उंचीवर मोजलं जातं. पान उघडतं तेव्हा बार दिसत असतो, म्हणजे हिरोचा खालचा भाग स्क्रीनच्या बाहेर, आणि बटण नेमकं तिथेच. ३६० बाय ८०० म्हटलं तरी वरची पट्टी, ॲड्रेस बार, खालची बटणं जाऊन पानाला साधारण साडेसहाशे ते सातशेच मिळतात. कोणी इन्स्टाग्रामवरून लिंक उघडली, आणि होमस्टेला तिथून बरीच माणसं येतात, तर ते ॲप स्वतःच्या ब्राउझरमध्ये उघडतं, त्याच्या पट्ट्या वेगळ्या, उंची पुन्हा बदलली.

यावर २०२२ मध्ये सगळ्या मुख्य ब्राउझरांत नवीन एककं आली. एसव्हीएच म्हणजे पट्ट्या दिसत असतानाची लहान उंची, एलव्हीएच म्हणजे पट्ट्या लपल्यावरची मोठी, आणि डीव्हीएच त्या त्या क्षणाची. बरेच जण सरसकट डीव्हीएच सुचवतात, मी हिरोसाठी सुचवणार नाही, कारण स्क्रोल करताना बार लपला की हिरोची उंची बदलते आणि खालचा मजकूर हलतो, वाचणाऱ्याला झटका बसल्यासारखं होतं. एसव्हीएच घ्या, तेही १०० न घेता ८५ घ्या म्हणजे खालच्या भागाची थोडी कड दिसते आणि खाली अजून काहीतरी आहे हे कळतं. हाइट न लिहिता मिन-हाइट लिहा म्हणजे मजकूर जास्त झाला तर डबा वाढेल. जुन्या ब्राउझरसाठी त्याच्या आधी एक ओळ साध्या व्हीएचची ठेवा, ज्याला नवीन कळत नाही तो जुनी घेईल. फोन आडवा धरला की उंची साडेतीनशेच्याही खाली जाते, तेव्हा बटण शीर्षकाच्या लगेच खाली असलेलं बरं, अगदी तळाला चिकटवू नका.

बुकिंगच्या फॉर्ममध्ये कीबोर्ड उघडतो त्याचं काय? कीबोर्ड आला की दिसणारी जागा निम्म्यावर येते. क्रोम १०८ पासून अँड्रॉइडवर कीबोर्ड आला तरी मांडणीचा व्ह्यूपोर्ट बदलत नाही, फक्त दिसणारा भाग बदलतो, आयफोनवर आधीपासून तसंच आहे. म्हणजे तळाशी फिक्स केलेलं 'पुढे' बटण कीबोर्डच्या मागे झाकलं जातं. फॉर्मचं बटण फिक्स न करता शेवटच्या रकान्याखाली साधं ठेवणं हा सर्वात भरवशाचा उपाय. आणि इनपुटमधली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, आयफोनवर सफारी तिथे आपोआप झूम करतो आणि पान एका बाजूला सरकून बसतं.

आता फोटो, जिथे रेझोल्यूशन परत येतं. ३६० सीएसएस पिक्सेलच्या पूर्ण रुंदीचा फोटो डीपीआर ३ च्या फोनवर पूर्ण धारदार दिसायला १०८० ठिपके रुंद हवा. तुमच्या १५३६ च्या लॅपटॉपवर १९२० हवा. पण सगळ्यांना १९२० चाच पाठवलात तर ७२० वाल्या स्वस्त फोनला गरजेच्या सातपट पिक्सेल डाउनलोड करावे लागतील, आणि घाटात किंवा समुद्रकाठी नेटवर्क एका काडीवर असताना तो फोटो उघडायची वाट कोणी बघत बसत नाही. म्हणून एकाच फोटोच्या ४८०, ७२०, १०८०, १६०० आणि १९२० रुंदीच्या प्रती करून इमेज टॅगच्या सोर्ससेटमध्ये द्या आणि साइझेसमध्ये तो फोटो पानावर किती रुंद दिसणार आहे ते सांगा, मग डीपीआर आणि व्ह्यूपोर्ट बघून ब्राउझर योग्य ती उचलतो. साइझेस लिहायला विसरलात तर ब्राउझर फोटो पूर्ण रुंदीचा आहे असं धरतो आणि छोट्या कार्डासाठीही मोठी फाइल आणतो, हे फार ठिकाणी दिसतं. डीपीआर ३ साठी अगदी तिप्पट दिलीच पाहिजे असंही नाही, समुद्राच्या किंवा झाडांच्या फोटोत दुप्पट आणि तिप्पट यांतला फरक हातातल्या फोनवर क्वचितच कळतो आणि फाइल मात्र बरीच हलकी होते. लोगो आणि आयकॉन एसव्हीजीमध्ये, म्हणजे कितीही मोठं केलं तरी धारदार राहणाऱ्या फॉरमॅटमध्ये ठेवा म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. फोटोग्राफर '३०० डीपीआयचे देऊ की ७२ चे' असं विचारेल, त्याला रुंदी किती पिक्सेल ते सांगा, डीपीआय हा छपाईसाठीचा शिक्का आहे, ब्राउझर मांडणी करताना तो बघत नाही. रुंदी आणि उंची इमेज टॅगमध्ये लिहा म्हणजे फोटो येईपर्यंत जागा राखून ठेवली जाते आणि वाचता वाचता मजकूर खाली ढकलला जात नाही.

मराठी मजकुराचं थोडं वेगळं. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं, त्यामुळे इंग्रजी टेम्प्लेटमधली १.२ ची लाइन-हाइट शीर्षकाला घुसमटवते, आणि त्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन असेल तर मात्रा चक्क कापल्या जातात. शीर्षकाला १.४, मजकुराला १.६ ते १.७ ठेवून बघा. ओळीची लांबी ठरवायला सीएच एकक वापरत असाल तर ते शून्याच्या अक्षराच्या रुंदीवर मोजलं जातं, मराठी अक्षरांशी त्याचा मेळ बसेलच असं नाही, त्यापेक्षा रेममध्ये, म्हणजे पानाच्या मूळ अक्षरांच्या मापात कमाल रुंदी द्या, ३४-३८ रेम बरी पडते. आणि ३२० वर मोठ्या शीर्षकात 'वेळणेश्वरजवळच्या' असा एकच शब्द स्क्रीनबाहेर जाऊ शकतो, म्हणून शीर्षकाला क्लॅम्प, म्हणजे किमान-कमाल मर्यादेत माप बदलणारं सीएसएसचं फंक्शन, लावून लहान स्क्रीनवर कमी करा आणि ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड ठेवा.

तपासताना क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये रिस्पॉन्सिव्ह मोड घेऊन ३२० पासून १९२० पर्यंत कडा ओढत न्या, ठराविक फोन निवडून थांबू नका. पण तिथे ॲड्रेस बारचं लपणं, कीबोर्ड, इन्स्टाग्रामचा ब्राउझर यांतलं काहीच दिसत नाही, त्यासाठी खरा फोन हवा, एक स्वस्त अँड्रॉइड आणि कोणाचा तरी आयफोन एवढं पुरतं. अँड्रॉइडवर डिस्प्ले साइझ सगळ्यात मोठी करून एकदा पूर्ण बुकिंग करून बघा, तारीख निवडण्यापासून शेवटच्या बटणापर्यंत.

एवढं करूनही आडवं स्क्रोल राहिलं तर सगळ्या एलिमेंटना तात्पुरती लाल आउटलाइन लावा, जो डबा उजवीकडे बाहेर गेलेला दिसेल तोच गुन्हेगार, बहुतेक वेळा ठराविक रुंदी दिलेला फोटो, गुगल मॅपचा आयफ्रेम नाहीतर १०० व्हीडब्ल्यू. रॅपरवर ओव्हरफ्लो-एक्स हिडन लावून झाकू नका, त्याने आतला स्टिकी हेडर चिकटणं बंद होतं आणि मूळ एलिमेंट तसाच बाहेर राहतो. तरीही सापडला नाही तर कन्सोलमधले ते तीन आकडे आणि त्या डब्याचं सीएसएस इथेच टाका, बघून सांगतो.